सभा आपली, पण दाराची किल्ली कोणाकडे? जित्सी, डेबियन आणि पॅकेज बांधणाऱ्यांचा इतिहास

२३ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत एक ऑनलाइन चर्चासत्र होणार होते. प्राध्यापकांनी विषय ठरवला होता, वक्ते ठरवले होते. चहूबाजूंनी टीका होऊनही विद्यापीठाने कार्यक्रमाला मनाई केली नव्हती. वक्त्यांमध्ये पॅलेस्टिनी नेत्या लैला खालेद यांचे नाव होते. कार्यक्रमाच्या तोंडावर झूम कंपनीने कळवले की आमच्या सेवेवर ही सभा होणार नाही. फेसबुकने कार्यक्रमाचे पान काढून टाकले. शेवटी यूट्यूबवर प्रक्षेपण सुरू झाले, तर तेही मध्येच तोडण्यात आले.

लैला खालेद यांच्या राजकारणाविषयी वाचकांचे मत काहीही असू शकते. विमान अपहरणाच्या त्यांच्या इतिहासावर वाद होऊ शकतो आणि व्हायलाही हवा. पण इथे प्रश्न वेगळा आहे. सभा कोणी बंद केली? न्यायालयाने? सरकारने? विद्यापीठाने? नाही. ज्याच्या मालकीच्या यंत्रातून आवाज जाणार होता, त्याने बंद केली. त्याच वर्षी जून महिन्यात तिआनमेन हत्याकांडाच्या स्मृतिदिनाच्या सभा घेणाऱ्या कार्यकर्त्यांची खाती झूमने बंद केली होती. त्यातले काही कार्यकर्ते अमेरिकेत बसून सभा घेत होते. चीन सरकारने मागणी केली आणि कंपनीने ती मान्य केली. ओरड झाल्यावर खाती परत सुरू झाली, पण तोवर जे कळायचे ते सगळ्यांना कळले होते.

मित्रांनो, हे आपल्याशी संबंधित नाही असे समजू नका. २०२० च्या टाळेबंदीत १४ एप्रिलची जयंती घराघरात साजरी झाली आणि व्याख्याने मोबाईलच्या पडद्यावर आली. तेव्हापासून आपल्या अभ्यासवर्गांपासून समन्वय समितीच्या बैठकांपर्यंत कितीतरी गोष्टी दुसऱ्याच्या यंत्रावर चालतात. दुवा येतो, आपण टिचकी मारतो, आत जातो. ज्या दारातून आत गेलो त्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे कोणी विचारत नाही.

२०१९ च्या डिसेंबरात झूमवर एका दिवसात जास्तीत जास्त सुमारे १ कोटी लोक बैठकांना हजेरी लावत होते. मार्च २०२० मध्ये हा आकडा २० कोटींच्या वर गेला. त्याच वेळी कंपनी आपल्या बैठका 'एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत' गुप्त असतात असे सांगत होती. ते खरे नव्हते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावरून कंपनीला धरले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तडजोड झाली. आपल्याकडे १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली. त्याच सुमारास माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने स्वदेशी व्हिडिओ कॉन्फरन्सिंग बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. ऑगस्टमध्ये केरळातल्या आलप्पुळा इथल्या टेकजेन्शिया या कंपनीला १ कोटी रुपयांचे पहिले बक्षीस मिळाले. या कंपनीने चांगलेच काम केले असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरकारच्या मनातली कल्पना काय होती ते पाहा: मालक परदेशी आहे म्हणून धोका, तेव्हा मालक देशी आणा. मालक देशी झाला म्हणून भाडेकरू काही घरमालक होत नाही.

मग खरा प्रश्न असा की सभेचे असे यंत्र असू शकते का, जे कोणीही आपल्या हाताने उभे करू शकेल आणि ज्याचे दार बाहेरचा कोणी लावू शकणार नाही? असू शकते. ते आहे. त्याचा इतिहास सतरा-अठरा वर्षांचा झाला होता तेव्हा कुठे जगाला टाळेबंदीत त्याची आठवण झाली.

२००३ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग विद्यापीठात एमिल इव्होव्ह नावाचा एक बल्गेरियन विद्यार्थी इंटरनेटवरून बोलण्याच्या एका तंत्रासाठी नमुना म्हणून व्हिडिओ फोन लिहीत होता. त्या नमुन्यातून 'सिप कम्युनिकेटर' हा प्रकल्प झाला. सिप म्हणजे इंटरनेटवरचा फोन जोडण्याची एक खुली पद्धत. प्रकल्प जावा भाषेत लिहिला होता, लिखाण सगळ्यांसाठी खुले होते. विद्यार्थी येत, काही महिने काम करत, निघून जात. २०११ मध्ये त्याचे नाव बदलून 'जित्सी' ठेवले. बल्गेरियन भाषेत जित्सी म्हणजे तारा, विजेच्या किंवा फोनच्या तारा.

इथे तंत्राची एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. दहा माणसांची बैठक आहे. प्रत्येकाने आपले चित्र बाकीच्या नऊ जणांना थेट पाठवायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या फोनमधून नऊ प्रवाह बाहेर जातील आणि नऊ आत येतील. गावाकडच्या नेटवर्कवर हे दोन मिनिटेही चालणार नाही. जुना उपाय असा होता की मध्ये एक मोठे यंत्र ठेवायचे. ते सगळ्यांची चित्रे उलगडणार, एकत्र करून एकच चित्र बनवणार आणि सगळ्यांना पाठवणार. हे यंत्र इतके महाग असे की ते कंपन्या आणि सरकारेच विकत घेऊ शकत. जित्सीने २०१३ मध्ये 'व्हिडिओब्रिज' काढला. हा ब्रिज चित्र उलगडत नाही, मिसळत नाही. पोस्टमन पाकीट न फोडता ज्याच्या त्याच्या घरी टाकतो, तसा तो प्रवाह फक्त पुढे पाठवतो. त्यामुळे जे काम महागड्या पेटीशिवाय होत नव्हते, ते साध्या भाड्याच्या सर्व्हरवर होऊ लागले. ब्राउझरच्या बाजूनेही तयारी झाली होती. गूगलने २०१० मध्ये एक कंपनी विकत घेऊन तिचे तंत्र २०११ मध्ये 'वेबआरटीसी' या नावाने खुले केले होते. त्यामुळे वेगळा प्रोग्रॅम न टाकता ब्राउझरमध्येच आवाज आणि चित्र चालू लागले. या दोन गोष्टी जुळल्या आणि 'जित्सी मीट' तयार झाले.

म्हणजे यंत्र तयार आहे, लिखाण खुले आहे, कोणीही घ्यावे. मग अडले कुठे? खुले लिखाण आणि चालणारे यंत्र यांच्यात एक मोठी दरी असते. ती दरी भरून काढणाऱ्या माणसांची नावे कोणी घेत नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाचा वीस वर्षांचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने 'डेबियन' या प्रकल्पाची घोषणा केली. नाव त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीच्या, डेब्राच्या, आणि त्याच्या स्वतःच्या नावातून केलेले. लिनक्सचा गाभा तेव्हा दोन वर्षांचा होता. पण नुसता गाभा घेऊन काय करणार? त्यावर शेकडो प्रोग्रॅम लागतात, ते एकमेकांशी जुळावे लागतात, एक बदलला की दुसरा मोडता कामा नये. मर्डॉकचे म्हणणे होते की हे जुळवण्याचे काम कंपनीने नको, समुदायाने उघड्यावर करावे. उबुंटू ज्या पायावर उभे आहे तो पाया हाच.

१९९७ मध्ये डेबियनने आपला 'सामाजिक करार' मंजूर केला. त्याच्यासोबत मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचे याची मार्गदर्शक तत्त्वे आली. आपल्या वाचकांनी त्यातले पाचवे आणि सहावे तत्त्व मुद्दाम वाचावे. पाचवे सांगते की परवान्याने कोणत्याही व्यक्तीविरुद्ध वा समूहाविरुद्ध भेदभाव करता कामा नये. सहावे सांगते की सॉफ्टवेअर कोणत्या कामासाठी वापरावे यावर बंदी घालता कामा नये. पुढच्याच वर्षी 'ओपन सोर्स'ची जी व्याख्या जगभर गेली ती याच तत्त्वांवरून तयार झाली. १९९८ मध्ये डेबियनने स्वतःचे संविधान मंजूर केले. हो, त्यांचा शब्दही संविधान असाच आहे. प्रकल्पाचा नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो. मत देताना एकाच नावावर शिक्का मारायचा नसतो, तर सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो. त्यांत 'यांपैकी कोणीही नको' हाही एक पर्याय असतो. नेत्याचा निर्णय चुकीचा वाटला तर सदस्य ठराव आणून तो फिरवू शकतात. ज्या उद्योगात संस्थापकाचा शब्द हाच कायदा असतो, तिथे ही गोष्ट लहान नाही.

आता पॅकेज म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रॅम लिहिणारा आपले लिखाण जाहीर करतो. पॅकेज बांधणारा ते घेतो, त्यातून चालणारा प्रोग्रॅम कसा बनवायचा याच्या सूचना लिहितो, कोणत्या इतर पॅकेजवर तो अवलंबून आहे याची यादी करतो, कोणती फाइल कुठे ठेवायची ते ठरवतो. मग तुम्ही एक आज्ञा देता आणि सगळे आपोआप जागच्या जागी बसते. ऐकायला सोपे. पण डेबियनचे नियम कडक आहेत. मुख्य भांडारात जाणारी प्रत्येक गोष्ट मूळ लिखाणातूनच बांधली गेली पाहिजे, कोणी आधीच बांधून दिलेला तुकडा चालणार नाही. बांधणी चालू असताना इंटरनेटवरून काहीही ओढता येणार नाही. बांधायला लागणारी हत्यारेसुद्धा त्याच भांडारातली हवीत. प्रत्येक फाइलचा परवाना कोणता आणि हक्क कोणाचा, याची नोंद हवी. नवे पॅकेज आले की ते एका रांगेत थांबते. तिथे मोजके स्वयंसेवक परवाने तपासतात आणि मगच आत सोडतात. या रांगेत महिने जाऊ शकतात.

एवढा कडकपणा कशासाठी? १९८४ मध्ये युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिले होते की, लिखाण स्वच्छ असले तरी ते बांधणारे हत्यारच भ्रष्ट असेल तर तयार प्रोग्रॅमात चोरदरवाजा राहू शकतो. चाळीस वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, हे पुस्तकातले उदाहरण प्रत्यक्षात आले. 'एक्सझेड' नावाचे फाइली दाबून लहान करणारे एक साधे सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते एकच स्वयंसेवक वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळत होता. मदत करतो म्हणून एक जण आला, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावत राहिला आणि शेवटी त्याने त्यात दूरवरून सर्व्हरमध्ये शिरण्याची वाट करून ठेवली. ती वाट उघड दिसणाऱ्या लिखाणात पुरती नव्हती. प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तिचा शेवटचा दुवा दडवलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला म्हणून ते सापडले. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या भांडारात पोहोचली होती, स्थिर आवृत्तीत नाही. डेबियनचे नियम होते म्हणून वाचलो असे मी म्हणणार नाही, कारण नियम असूनही ते आत आलेच होते. पण टप्प्याटप्प्याने पुढे सरकण्याची पद्धत होती म्हणून ते सामान्य माणसाच्या सर्व्हरपर्यंत जाण्याआधी वेळ मिळाला.

आणि पॅकेज बांधणारेही देव नसतात. २००६ मध्ये डेबियनमध्ये गुप्तलेखनाच्या ओपनएसएसएल या पॅकेजात एक दुरुस्ती करताना चूक झाली आणि त्यातून तयार होणाऱ्या किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या झाल्या. मे २००८ पर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही. दोन वर्षे! चूक सापडल्यावर मात्र ती जाहीर केली गेली, किल्ल्या बदलायला सांगितले गेले, आणि कोणती ओळ कोणी का काढली ते आजही कोणालाही वाचता येते. बंद कंपनीत अशी चूक झाली असती तर आपल्याला किती कळले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता जित्सी मीट या नियमांपुढे उभे करा. ते एक सॉफ्टवेअर नाही, चार-पाच आहेत. निरोपांची देवाणघेवाण करायला प्रोसोडी हा सर्व्हर लागतो. तो आधीपासून डेबियनमध्ये आहे. नेटवर्कच्या भिंतीपलीकडे पोहोचायला लागणारा कोटर्न आहे, वेब सर्व्हर आहे. इथपर्यंत ठीक. मग येतो व्हिडिओब्रिज आणि बैठकीची व्यवस्था पाहणारा जिकोफो, दोन्ही जावाच्या कुळातले. जावाच्या जगात पद्धत अशी की लागतील ती ग्रंथालये आधीच बांधलेल्या स्वरूपात इंटरनेटवरून ओढून घ्यायची. डेबियनला ते चालत नाही. त्यातील प्रत्येक ग्रंथालय आधी स्वतंत्र पॅकेज म्हणून बांधले पाहिजे. त्यात व्हिडिओब्रिजचा मोठा भाग पुढे कोटलिन भाषेत लिहिला गेला. आणि कोटलिनचा अनुवादक प्रोग्रॅम स्वतः कोटलिनमध्येच लिहिलेला आहे! म्हणजे कोटलिन बांधायला कोटलिन लागते. कोंबडी आधी की अंडे, हा प्रश्न इथे थट्टेचा उरत नाही. ते कोडे सोडवून कोटलिनची एक जुनी आवृत्ती डेबियनमध्ये आणायलाच स्वयंसेवकांची वर्षे गेली.

सर्वांत कठीण भाग मात्र आपल्याला दिसतो तोच, ब्राउझरमधला पडदा. तो जावास्क्रिप्टमध्ये आहे. जावास्क्रिप्टच्या जगात चार ओळींचे काम करायलाही दुसऱ्याचे ग्रंथालय आणायची सवय आहे. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे अकरा ओळींचे एक ग्रंथालय त्याच्या लेखकाने रागाने मागे घेतले तेव्हा जगभरातल्या मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी थांबली होती. एका पडद्यामागे अशी शेकडो ग्रंथालये असतात, आणि ती बऱ्याचदा दाबून-पिळून वाचता येणार नाही अशा स्वरूपात दिली जातात. डेबियन म्हणते, हे मूळ लिखाण नव्हे, मूळ आणा. भूमिका बरोबर आहे. पण आणणार कोण?

परवान्याची एक गंमत सांगतो, कारण तिच्यात आपल्या कामाचा एक वाद दडलेला आहे. जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांनी जी ग्रंथालये लिहिली, त्यांच्या परवान्यात एक ओळ होती: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नाही. वाचून कोणालाही बरेच वाटेल. डेबियनने मात्र ही ग्रंथालये मुक्त मानायला नकार दिला आणि त्यांवर उभ्या असलेल्या सॉफ्टवेअरमधून ती उपटून दुसरी बसवण्याचे किचकट काम पॅकेज बांधणाऱ्यांच्या गळ्यात पडले. कारण तेच सहावे तत्त्व. आपल्यातले अनेक तरुण म्हणतील, शोषकांना वापरू देऊ नका असे म्हटले तर काय बिघडले? २०१९ मध्ये 'हिप्पोक्रॅटिक' परवान्याच्या निमित्ताने हाच वाद पुन्हा झाला. माझे मत डेबियनच्या बाजूचे आहे. चांगले काय आणि वाईट काय हे परवान्यात लिहिले, की ते ठरवण्याचा अधिकार कोणाकडे तरी जातो, आणि तो अधिकार शेवटी ज्याच्याकडे वकील आणि पैसा आहे त्याच्याकडे जातो. शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण हे ठरवण्याची मक्तेदारी काय करू शकते, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. लैला खालेद यांची सभा बंद करणारेही आपण वाईट रोखत आहोत असेच म्हणत होते.

या सगळ्याचा परिणाम असा की जून २०२३ मध्ये डेबियनची 'बुकवर्म' ही स्थिर आवृत्ती ६४ हजारांहून अधिक पॅकेजे घेऊन आली, पण त्यात जित्सी मीट नव्हते. जित्सीवाले स्वतः डेबियन आणि उबुंटूसाठी तयार पॅकेजे देतात. ती त्यांच्या स्वतःच्या भांडारातून येतात आणि काही मिनिटांत सर्व्हर उभा राहतो. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ही पॅकेजे नावाने सारखी असली तरी त्यामागचा व्यवहार वेगळा आहे. ती ज्यांनी लिहिली त्यांनीच बांधलेली आहेत, ग्रंथालये आतच भरलेली आहेत, तिसऱ्या माणसाने तपासलेली नाहीत. त्यांच्या भांडाराची किल्ली तुम्ही आपल्या यंत्रावर बसवता, म्हणजे पुढे तिथून जे येईल त्यावर विश्वास ठेवता. २०२० मध्ये डेबियनच्या वार्षिक परिषदेवरच ऑनलाइन होण्याची वेळ आली. प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी आपल्या समुदायासाठी जित्सीचा सर्व्हर चालवला, आणि ते सॉफ्टवेअर त्यांच्याच मुख्य भांडारात नव्हते.

हा फरक कागदी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी जित्सीच्या मालकीचा इतिहास पाहावा. इव्होव्ह यांची कंपनी २०१५ मध्ये अ‍ॅटलासियनने विकत घेतली. त्याच वर्षी परवाना बदलून अपाचे झाला, ज्यात लिखाण घेऊन, बदलून, बदल बंद ठेवण्याची मुभा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये जित्सी '८x८' या कंपनीकडे गेले. ऑगस्ट २०२३ पर्यंत त्यांच्या सार्वजनिक सेवेवर नाव-गाव न सांगता कोणीही बैठक सुरू करू शकत होते. त्या महिन्यापासून बैठक सुरू करणाऱ्याला गूगल, फेसबुक किंवा गिटहबच्या खात्याने ओळख देणे बंधनकारक झाले. गैरवापर वाढला हे कंपनीचे कारण खरे असेलही. पण ज्या कार्यकर्त्यांनी 'झूम नको, जित्सी वापरा' म्हणून दुवे वाटले होते, त्यांना एका सकाळी गूगलचे दार दिसले. ज्यांनी आपला सर्व्हर स्वतः उभा केला होता, त्यांच्यावर या निर्णयाचा काहीच परिणाम झाला नाही. मोफत आणि मुक्त यांच्यातला फरक याहून स्पष्ट करून सांगता येत नाही.

शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेल्या बिगब्लूबटनची कथा थोडक्यात सांगतो. कॅनडातील ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झालेले हे सॉफ्टवेअर उबुंटूच्या एका ठराविक आवृत्तीवरच बसते. ते माँगोडीबी या डेटाबेसवर उभे राहिले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये माँगोडीबीने असा परवाना घेतला की डेबियन आणि फेडोराने त्याला भांडाराबाहेर काढले. पाया दुसऱ्याचा असला की असे होते.

भारतीय स्वयंसेवकांचा या कामात मोठा वाटा आहे. केरळचे प्रवीण अरिंब्रथोडियिल आणि त्यांच्या सोबत्यांनी गिटलॅब हे सॉफ्टवेअर डेबियनमध्ये आणण्यासाठी रुबी आणि जावास्क्रिप्टची शेकडो लहान पॅकेजे बांधली. अनेक विद्यार्थी याच निमित्ताने पॅकेज बांधायला शिकले. २०१७ च्या स्थिर आवृत्तीत गिटलॅब आले, २०१९ च्या आवृत्तीत राहिले नाही. स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षे गोठलेली असते, आणि वेबवरची सॉफ्टवेअर दर महिन्याला बदलतात. मेहनत वाया गेली नाही, ती लहान पॅकेजे इतरांच्या कामी आली. पण वेगाचा हा प्रश्न व्हिडिओ कॉन्फरन्सिंगला अधिकच छळतो. २०२२ च्या सुमारास क्रोम ब्राउझरने आवाज-चित्राच्या वाटाघाटीची एक जुनी पद्धत काढून टाकली. जुन्या पद्धतीवर थांबलेले सर्व्हर त्यामुळे निकामी ठरले. लिखाण मुक्त असूनही गूगलच्या तालावर नाचावे लागते ते असे.

आता एक कडू गोष्ट. डेबियनने २०१२ मध्ये विविधतेचे निवेदन मंजूर केले. तुम्ही कोणीही असा, तुमचे स्वागत आहे, असा त्याचा आशय. निवेदन प्रामाणिक आहे. पण सदस्य होण्यासाठी तुमच्या डिजिटल किल्लीवर आधीच्या सदस्यांच्या सह्या लागतात, आणि त्यासाठी परंपरेने प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र दाखवावे लागते. म्हणजे प्रवास आला, परिषदा आल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद कोचीला झाली तेव्हा भारतातल्या अनेकांसाठी ते अंतर पहिल्यांदा रेल्वेच्या तिकिटात बसले. शिवाय सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत, आणि काम बिनपगारी. रात्री दोन तास बिनपगारी काम करायला दिवसाचे आठ तास पगाराचे असावे लागतात, घरी संगणक असावा लागतो, वीज आणि एकांत असावा लागतो. कोणाला परवडते हे? दारावर पाटी चांगली आहे, पण उंबरठा उंच आहे. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगितले की त्यांतले काही चिडतात. चिडू द्या. त्यांच्या संविधानात ठराव आणण्याची सोय आहे, आणि आत गेल्याशिवाय ठराव आणता येत नाही. डेबियन बसवताना भाषांची जी यादी समोर येते तिच्यात मराठी आहे. ती कोणीतरी बसून, एकेक वाक्य भाषांतरित करून आणली आहे. आत जाण्याची ती एक वाट आजही खुली आहे.

आणि सगळेच यंत्र जित्सीएवढे अजस्र असावे लागत नाही. २०२० मध्ये पॅरिसमधल्या एका विद्यापीठातले प्राध्यापक ज्युलियुश क्रोबोचेक यांनी आपल्या वर्गासाठी 'गालेन' नावाचा व्हिडिओ कॉन्फरन्स सर्व्हर लिहिला. गो भाषेत, मोजक्या ग्रंथालयांवर. ब्राउझरमधला पडदा साध्या जावास्क्रिप्टमध्ये, कोणत्याही मोठ्या चौकटीशिवाय. चार-पाच सॉफ्टवेअर जुळवायची गरज नाही, एकच प्रोग्रॅम. दिसायला तो झूमइतका गुळगुळीत नाही, पार्श्वभूमीला समुद्रकिनारा लावण्याची हौसही तिथे फारशी भागणार नाही. पण त्याचे ओझे इतके कमी होते की पॅकेज बांधणाऱ्यांना ते उचलता आले. गालेन आज डेबियनच्या भांडारात आहे, मूळ लिखाणातून बांधलेले. बसवायला एक आज्ञा पुरते. त्यानंतर एक छोटा भाड्याचा सर्व्हर, एक डोमेन नाव, सुरक्षेचे मोफत प्रमाणपत्र, आणि बैठकीच्या खोलीचे नाव व पासवर्ड लिहिलेली एक लहानशी फाइल एवढे लागते. ती फाइल तुमच्याच सर्व्हरवर राहते, आणि खोलीत कोणाला घ्यायचे हे तिच्यात लिहिलेले असते.